जित्या बापाची मिशी

अडुसष्ट साली मध्य प्रदेशातल्या बालाघाटात शालिकराम भुरे मास्तरांना न ओळखणारा माणूस दाखवा अन् बक्षीस न्या, अशी परिस्थिती होती. पण खरं सांगायचं तर लोक मास्तरांना ओळखतच नव्हते, ते ओळखत होते त्यांच्या मिशीला. मास्तर अंगानं बारीक, सायकल जुनी, सदरा साधा. मिशी मात्र अशी, की बघणार्‍याची नजर तिथंच अडकायची अन् बाकीचा माणूस बघायचा राहून जायचा. नाकाखाली उगम पावून ती दोन्ही ओठ पार झाकायची आणि गालांवर जाऊन मोठ्या रुबाबात वर वळायची. मास्तर चहा पीत तेव्हा आधी मिशी पिऊन घ्यायची, उरला तर मास्तरांना. त्यांच्या बायकोनं, जिजाबाईनं, लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवर्‍याचा वरचा ओठ पाहिला नव्हता, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

आता ही मिशी काही मास्तरांची स्वतःची कमाई नव्हे. ती घराण्याची इस्टेट! लालबर्‍याच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथं त्यांचे वडील महागूबाबा अजून काठी घेऊन धानाच्या शेतात बांधीवर उभे राहत, आणि त्यांची मिशी लेकाच्या मिशीपेक्षा चार बोटं सरसच होती. पांढरीशुभ्र, आणि पीळ असा की खुशाल लिंबू ठेवा. त्यात पुन्हा रिवाज. बाप जिता आहे तोवर लेकानं मिशीला वस्तरा लावायचा नाही. मिशी उतरते ती एकदाच, बाप गेल्यावर, अग्नी देताना, नदीच्या घाटावर. त्यामुळं आमच्या भागात मिशीवाल्या माणसाचा ओठ एकाएकी उघडा दिसला, की लोक 'हे काय?' असं विचारत नाहीत. लोक विचारतात, 'कधी?'

मास्तर शिकवायचे ते मुक्या-बहिर्‍या पोरांना. शाळेच्या मागं एक कौलारू खोली होती, तिथं गावातल्या वकील-डॉक्टर मंडळींच्या एका संस्थेनं हा वर्ग काढला होता. सात-आठ पोरं. मास्तरांना या कामाचं शिक्षण असं काही मिळालं नव्हतं. साधे प्राथमिकचे मास्तर. कोणी तयार होईना म्हणून हे तयार झाले, आणि मग पोरांत असे रमले की सुट्टीच्या दिवशीही खोलीकडे एक चक्कर मारून यायचे. पोरांनी त्यांना खुणेचं नावसुद्धा दिलं होतं: नाकाखाली दोन बोटं ठेवायची आणि पीळ भरायचा. झाले मास्तर!

वर्ग बरा चालला होता. पोरं फळ्यावरून, खाणाखुणांवरून काही ना काही उचलत. फक्त एका पोरीपुढं मास्तरांनी हात टेकले होते. चंपी. तांदळाच्या गिरणीतल्या भैयालाल हमालाची लेक, वय आठ, डोळे टपोरे. तीन वर्षं ती मास्तरांच्या पुढ्यात बसून फक्त त्यांच्या तोंडाकडेच टक लावून पाहत होती आणि एक शब्द म्हणून उचलत नव्हती. शेवटी मास्तर भैयालालला म्हणाले होते, "भाऊ, पोट्टी गुणाची आहे, पण डोकं थोडं जड आहे गा." भैयालाल नुसताच 'हौ' म्हणाला आणि लेकीला सायकलवर बसवून घरी घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीतून नागपूरच्या मीनाक्षीबाई उतरल्या. बहिर्‍या मुलांना बोलायला कसं शिकवायचं, याचं शिक्षण घेतलेल्या बाई. उंच, चष्मेवाल्या, आणि बरोबर एक भलीमोठी ट्रंक. स्टेशनावरच्या हमालाला वाटलं बाईंचा हुंडाच आहे. उघडली तर आत आरसे, मेणबत्त्या, कोंबड्यांची पिसं, रंगीत कागदाच्या पट्ट्या आणि चित्रांचे पुठ्ठे.

"महिनाभर प्रशिक्षण," बाईंनी सांगितलं. "शेवटच्या दिवशी प्रत्येकानं मुलांसमोर पाठ घ्यायचा. पाठात जो पास होईल, वर्ग त्याचा. संस्थेनं तसं ठरवलंय."

शिकणारे तिघं. एक आपले मास्तर. दुसर्‍या सत्यभामाबाई, वर्गातल्या मदतनीस. त्यांची जागा पक्की होती, त्या हौसेनं शिकायला बसल्या होत्या. तिसरा गुणाकर. गावातल्या सरकारी नोकरदाराचा मुलगा, ताजा बी.ए., गुळगुळीत गालांचा. त्यांच्यात मिशी न ठेवण्याचीच फॅशन होती, त्यामुळं त्याला कोणी 'कधी?' विचारत नसे. पोरगा स्वभावानं चांगला, पण वर्ग त्यालाही हवा होता. मास्तर नापास झाले तर त्यांची रवानगी पुन्हा साध्या शाळेत, बैहरकडच्या जंगलात कुठंतरी. नुसत्या विचारानंच त्यांना घास गोड लागेना.

आणि मग सुरू झालं ते प्रशिक्षण! बापा रे बापा! पहिल्याच दिवशी बाईंनी तिघांना गोलात बसवलं आणि एकमेकांचे गळे धरायला लावले. "म्हणा, म्म्म. हाताला थरथर लागते ना? मुलाला आवाज ऐकू येत नाही, तो त्याला हातानं समजतो." गुणाकरनं मास्तरांचा गळा धरला, मास्तरांनी सत्यभामाबाईंचा धरायचा तर ते लाजून लाल. शेवटी सत्यभामाबाईंनीच त्यांचा हात ओढून गळ्यावर ठेवला अन् म्हणाल्या, "धरा मास्तर, कोणी लगन लावून नाही राह्यलं!" तिघं डोळे मिटून म्म्म करताहेत आणि खिडकीत शाळेचा चपराशी आ वासून उभा. पाचच मिनिटांत अख्खी शाळा खिडकीत. मीनाक्षीबाईंनी शांतपणे खिडकीतल्या हेडमास्तरांनाही म्म्म करायला लावलं.

दुसर्‍या दिवशी मेणबत्ती. तोंडासमोर पेटती मेणबत्ती धरायची आणि 'प' म्हणायचा. ज्योत हलली की 'प' बरोबर. गुणाकरनं 'प' म्हटलं, ज्योत हलली. सत्यभामाबाईंनी असा 'प' ठोकला की मेणबत्ती विझून काडीपेटी शोधावी लागली. मास्तरांनी म्हटलं 'प'. ज्योत ढिम्म. पुन्हा 'प'. ढिम्म. सगळा वारा मिशीतच मुरत होता, बाहेर येणार कुठून? मास्तर इरेला पेटले, वाकून आणखी जवळ गेले, आणि मग पेटले नुसते इरेलाच नाही. चर्रर्र! खोलीभर वास सुटला. सत्यभामाबाईंनी माठाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून थेट मास्तरांच्या तोंडावर रिकामा केला. सगळी पोरं टाळ्या पिटत होती, गुणाकर जमिनीवर लोळून हसत होता, आणि मास्तरही हसत होते, कारण हसायचं नाही तर करायचं काय?

तिसरा प्रयोग मात्र वाईट निघाला. बाईंनी सगळ्यांच्या कानात कापूस कोंबला. एकानं आवाज न करता बोलायचं, बाकीच्यांनी ओठ बघून ओळखायचं. गुणाकरचं सगळ्यांनी ओळखलं. सत्यभामाबाईंचं तर न बोलताच ओळखता येई. मास्तर बोलू लागले. बाकीचे बघत राहिले. बघत राहिले. बघतच राहिले.

"काही दिसलं का?" बाईंनी हातानं विचारलं.

सत्यभामाबाईंनी कानातला कापूस काढला. "बाई, झाडू हलून राह्यला एवढं दिसते. झाडू काय म्हणून राह्यला ते मात्र समजून नाही राह्यलं."

पुन्हा हशा. पण मीनाक्षीबाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी चंपीला जवळ बोलावलं, पुढं चित्रांचे पुठ्ठे मांडले आणि सत्यभामाबाईंना तिच्यासमोर उजेडात बसवलं. "म्हणा, पापड. सावकाश." सत्यभामाबाई म्हणाल्या. चंपीनं टक लावून पाहिलं. पुन्हा म्हणाल्या. दोन-तीन दिवस हे चाललं, आणि चौथ्या दिवशी चंपीनं हात पुढं केला आणि पापडाचं चित्र उचललं. मग आंब्याचं. मग भाकरीचं.

"मुलगी मठ्ठ नाही, मास्तर," मीनाक्षीबाई हळूच म्हणाल्या. "उलट फार हुशार आहे. तिला तुमचं तोंडच दिसत नाही."

मास्तर खोलीबाहेर गेले आणि चिंचेखाली उभे राहून लहान पोरासारखे रडले. तीन वर्षं! तीन वर्षं ती बिचारी रोज सकाळी वेणी घालून येत होती आणि मिशी वाचत होती. आणि त्यांनी तिच्या बापाला सांगितलं होतं, डोकं जड आहे. त्या दिवसापासून पास-नापासाचं भय मागं पडलं. चंपीनं एकदा, एकदा तरी आपल्या तोंडून निघालेला शब्द उचलावा, एवढंच त्यांच्या जिवाला लागून राहिलं. पण त्यासाठीही वर्ग हातात पाहिजे, आणि वर्ग हातात राहायला पाठ पास व्हायला पाहिजे. घोडं फिरून फिरून मिशीशीच अडत होतं.

म्हणून आधी मधला मार्ग. मिशी काढायची नाही, नुसती वर धरायची. मास्तरांनी मेण लावून पाहिलं. खिडकीतून ऊन आलं की मेण वितळायचं अन् पडदा खाली. मग गोंद. गोंद लावला तर मिशी वर राहिली खरी, पण ओठही तिच्याबरोबर वर चिकटला आणि 'प' म्हणायला तोंडच मिटेना. जिजाबाईनं युक्ती सांगितली म्हणून साखरेचा पाक लावला. पाकानं मिशी अगदी ताठ! मास्तर खुशीत वर्गात आले, आणि अर्ध्या तासात मुंग्याही आल्या. शेवटी काळा दोरा बांधून टोकं कानामागं अडकवली, तर प्रत्येक 'प'ला कानही हलायला लागले. पोरं शिकायची सोडून कानच पाहू लागली. मीनाक्षीबाईंनी कपाळाला हात लावला.

पाठाच्या आदल्या दिवशी मास्तर नथ्थू न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले. "नथ्थूभाऊ, काढ."

नथ्थूनं वस्तर्‍याला धार लावता लावता विचारलं, "दाढी?"

"मिशी."

नथ्थूचा हात थांबला. त्यानं टोपी काढली. "कधी गेले, मास्तर?"

"कोणी नाही गेलं. बाबा चांगले धडधाकट आहेत."

"मंग काहून काढता?" नथ्थूनं वस्तरा खटकन मिटला. "ना बाप्पा! जित्या बापाची मिशी मी नाही उतरवत. माया हातानं पाप नोको. गाल करून देतो, डोकं करून देतो, म्हणाल तर भुवया करून देतो!"

घरी येऊन मास्तरांनी दार लावलं, आरसा घेतला आणि जिजाबाईची कपडे बेतायची कात्री घेतली. आधी डावीकडून थोडी. मग उजवीकडून थोडी. उजवी जास्त गेली, म्हणून डावी आणखी. डावी जास्त गेली, म्हणून उजवी. असं करता करता नाकाखाली माशी बसल्यासारखा एक ठिपका उरला, आणि मास्तरांनी दोन्ही डोळे मिटून दाढीच्या ब्लेडनं तोही उडवला. आरशात एक अनोळखी, घाबरलेला, मिशीच्या जागी चक्क दोन ओठ असलेला माणूस उभा होता.

जिजाबाई आत आली आणि लाटणं उगारून ओरडली, "कोण आहे रे तू? आमच्या घरात काहून घुसला?"

"अवं, मी आहो."

आवाज ओळखून ती मटकन खाली बसली. मग हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अवं माय! तुमचा ओठ तं चांगला गुलाबी आहे! इतके दिवस काहून लपवून ठेवलता?" मग एकदम थांबली. "मामाजीले काय सांगाचं?"

"रविवारी गावाले जातो. पाय धरतो अन् समदं सांगतो. तोवर त्याइच्या कानावर जाऊ नये, बस."

आता बालाघाटात गोष्ट रविवारपर्यंत थांबेल, हे मास्तरांना वाटलं तरी कसं?

सकाळी ते तोंडाला मफलर गुंडाळून निघाले. थंडीचे दिवस, कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. पण रस्त्यात दुलीचंदचं चहाचं हॉटेल. जिवाला तरतरी हवी म्हणून मास्तर टेकले, आणि चहा काही मफलरमधून पिता येत नाही. दुलीचंदनं कप ठेवला, वर पाहिलं, आणि त्याच्या हातातली बशीच गळाली.

"मास्तर! कब हुआ?"

"अहो दुलीचंदभाऊ, कुछ नहीं हुआ. बाबा ठीक हैं."

"हाँ भैया," दुलीचंदनं डोळे पुसले. "अब तो ठीक ही हैं. छूट गए बिचारे."

"अहो, अच्छे हैं!"

"बहुत अच्छे थे! लाखों में एक थे!" म्हणत दुलीचंदनं गल्ल्यावरच्या देवाला हात जोडले आणि गिर्‍हाइकांना सांगितलं, आज मास्तरांच्या चहाला पैसे नाहीत. बाकावर लालबर्‍याच्या पहिल्या बसचा ड्रायव्हर बसला होता. त्यानं मान हलवली, हळहळला, चहा संपवला आणि बस सोडली. मास्तरांना पळत जाऊन ती थांबवायची होती, पण दुलीचंदनं त्यांना मिठी मारून ठेवलं होतं.

पुढचं नंतर कळलं. बस गावच्या फाट्यावर पोचली, ड्रायव्हरनं खिडकीतून तोंड काढून जड आवाजात हाळी दिली, "अरे, महागूबाबा गेले रे!" फाट्यावर उन्हात तंबाखू मळत एक म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं, "कोणता महागू?" ड्रायव्हर म्हणाला, "मास्तरचा बाप. ते मोठ्ठ्या पांढर्‍या मिशीवाले..." आणि तेवढ्यात त्याचं लक्ष विचारणार्‍याच्या तोंडाकडे गेलं. ड्रायव्हरनं दुसर्‍या बाजूच्या दारातून उडी मारली आणि धानाच्या शेतातून जो पळाला, त्याला कंडक्टरनं हाका मारून परत आणलं.

"मी मेलो हे तुले कोणं सांगतलं?" महागूबाबांनी विचारलं.

"तुमच्या पोराची मिशी उतरली न, बाबा!"

म्हातार्‍यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली, काठी उचलली आणि बालाघाटकडे जाणारी जी पहिली गाडी आली तिच्यात चढला. गावातली अर्धी माणसं 'बाबाच्या मौतीले' म्हणून त्याच गाडीत त्याच्या बरोबर बसली होती, हा आणखी एक भाग. कोणी उतरायला तयार नव्हतं, कारण तिकिटं काढून झाली होती.

इकडे जिजाबाईच्या दारात गल्लीतल्या बायका जमून रडू लागल्या होत्या. "रडू नोका वो!" ती हात जोडून सांगत होती. "मामाजी परवाच इथं भाकर खाऊन गेले!" "अरे देवा, शेवटची भाकर!" म्हणून बायकांनी आणखी मोठ्यानं गळा काढला.

आणि शाळेत दुपारी पाठ सुरू झाला. संस्थेचे वकीलसाहेब कोट घालून आले होते. मीनाक्षीबाई कोपर्‍यात बसल्या. गुणाकरचा पाठ आधी झाला, आणि छान झाला; पोरांनी त्याचे बरेच शब्द उचलले. चंपीला काही त्यानं पुढं बोलावलं नाही. मग मास्तर उठले, मफलर काढला, आणि म्हणाले, "मी चंपीचा पाठ घेईन."

मीनाक्षीबाईंनी चष्मा नीट केला. सत्यभामाबाई उभ्या राहिल्या. चंपी पुढं येऊन पाटावर बसली, समोरच्या माणसाकडे पाहिलं, आणि मान लांब करून त्याच्या मागं बघू लागली. मग दाराकडे. मग तिनं नाकाखाली दोन बोटं ठेवून पीळ भरला आणि तळहात उपडे केले: मास्तर कुठं आहेत?

मास्तरांनी स्वतःच्या छातीवर हात मारला. मी, मी! चंपीनं ठाम मान हलवली. नाही. मग तिला त्यांचे डोळे ओळखीचे वाटले असावेत. ती उठली, जवळ आली, एक बोट त्यांच्या वरच्या ओठावर फिरवलं, आणि खोली हादरेल असं हसली. बहिर्‍या पोरीचं हसू; त्याला आवाजाचं बंधन नाही. तिनं बाकीच्या पोरांना बोलावलं. सगळ्यांनी येऊन ओठाला हात लावला. वकीलसाहेबांनासुद्धा हात लावायचा होता असं वाटत होतं, पण ते कोटात होते. मास्तरांनी घाम पुसून पुठ्ठे मांडले, फेटेवाल्या बाप्याचं चित्र पुढं केलं. म्हणाले, "बाप." चंपी ओठाकडे बघून हसली. "बाप." पुन्हा हसली. तिला नवा ओठ पाहूनच पुरे होईना. मीनाक्षीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मिशीही गेली, पाठही गेला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"कुठी हाये तो शालिक्या? बाप जिता असून मिशी उतरवते!"

दारात महागूबाबा, हातात काठी. त्यांच्यामागं अर्धं गाव, दुलीचंद हार घेऊन, गल्लीतल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागं जिजाबाई, "मामाजी, ऐका तं" म्हणत. मास्तर जागच्या जागी थिजले.

पण चंपीनं दाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ती मोठ्ठी मिशी! मास्तरांची मिशी परत आली! ती धावत गेली, म्हातार्‍याचा काठीचा हात धरला आणि त्यांना ओढत आणून मास्तरांच्या शेजारी पाटावर बसवलं. म्हातारा इतका चकित झाला की बसला. चंपी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. त्या मिशीखाली काय असतं, हे तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि ती पांढरीशुभ्र, आजवर कोणाचं बोट न लागलेली मिशी दोन्ही बाजूंनी पडद्यासारखी वर उचलून धरली.

दारातली माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"सोड वो पोट्टे!" म्हातारा म्हणाला. "काय करून राह्यली ही? मी बाप आहो याचा! बाप! बाप!"

चंपीनं ओठ बघितले. एका हातानं मिशी तशीच धरून ठेवली, दुसर्‍या हातानं पुठ्ठ्यांत चाचपलं, आणि फेटेवाल्या बाप्याचं चित्र उचलून म्हातार्‍याच्या छातीवर ठेवलं. मग तोंड उघडलं. "बा," ती म्हणाली, जाडसर, घोगरा आवाज. ओठ मिटले, फुटले. "प."

चंपीच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

मास्तर सरकून वडिलांच्या खांद्याला खांदा लावून बसले. चंपीचा मोकळा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि उघड्या ओठांनी सावकाश म्हणाले, "बाप." चंपी आता हसली नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, म्हातार्‍याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्या तोंडाकडे. "बाप," ती म्हणाली, आणि बोटानं म्हातार्‍याला दाखवलं. मास्तर पुढं म्हणाले, "भाकर." तिनं भाकर उचलली. "आंबा." आंबा उचलला. तिला आता थांबायचंच नव्हतं. पुठ्ठे संपले तरी ती बोटानं ओठ दाखवून 'आणखी' म्हणत होती.

"वर्ग तुमचा, मास्तर," मीनाक्षीबाई म्हणाल्या. गुणाकरनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. सत्यभामाबाई रडत रडत हसत होत्या.

म्हातार्‍याला हे काय चाललंय ते जिजाबाईनं कानाशी बसून सांगितलं. सांगून होईपर्यंत ते चंपीकडेच बघत होते. "तीन साल?" ते म्हणाले. "तीन साल पोट्टी ह्याच्या मिशीकडेच पाहत होती?"

"हौ, बाबा," मास्तर म्हणाले. मान वर करायची त्यांची हिंमत होईना.

दारातून दुलीचंदनं घसा खाकरला. हार अजून हातातच होता. "चलो, अच्छा हुआ. इम्तहान तो हो गया न मास्तर? अब मूँछ फिर से बढ़ा लो. बाबा जिंदा हैं, गाँव क्या कहेगा?" मागं अर्ध्या गावानं 'हौ हौ' म्हणून माना डोलावल्या. हे सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. मास्तरांनी आपल्या उघड्या ओठावर हात ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. ते सांगतील तसं करायचं, दुसरा उपाय नव्हता.

महागूबाबांनी लेकाचा तो गुलाबी ओठ निरखला. मग चंपीकडे वळले. ती पोर त्यांच्या मिशीचं एक टोक अजून मुठीत धरून, ते आता काय बोलतात म्हणून टक लावून बसली होती. म्हातार्‍यानं तिचा हात काढला नाही. तसंच मान वळवून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"मेलो मी," ते लोकांना म्हणाले. "सांगा गावात. जा आता घरी, पोट्टी शिकून राह्यली."